मरळीच्या पोटातला लाल धागा



या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मजसारख्या माणसाला मिळावा याचा मला आनंद आहे, आणि थोडी भीतीही आहे. मी विडी कामगारांत काम करणारा माणूस. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, आगगाडीच्या डब्यात आणि वाचनालयातून घरी नेलेल्या पुस्तकांतून शिकलो. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा किमान वेतन किंवा भविष्यनिर्वाह निधी असे काहीतरी उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हणालो, मला माशाच्या आतड्यात राहणाऱ्या एका कृमीवर बोलायचे आहे. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बोला, पण लोक जेवून येतात, एवढे लक्षात ठेवा." मी ते लक्षात ठेवले आहे.

हा विषय मी हौसेने निवडलेला नाही, तो माझ्या गळ्यात पडला. कसा ते आधी सांगतो.

आपल्या भागात विडी वळणाऱ्या पुष्कळ बाया ढीवरांच्या घरच्या आहेत. घरधनी तलावावर जाळे टाकतो, बाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आणि बाजाराच्या दिवशी मासे विकते. त्यामुळे विडीच्या मजुरीचे भांडण घेऊन आलेली बाई कधी कधी मासळीचे भांडणही घेऊन येते. पंधराएक वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या दिवसांत अशाच चार-पाच जणी आल्या. त्यांच्या मरळी घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने एक मासा चिरून पाहिला होता. आतड्यात त्याला लालसर धाग्यासारखे किडे दिसले. "मासळी रोगट आहे" असे म्हणून त्याने सगळ्या टोपल्यांचा भाव निम्म्यावर आणला.

मी लगेच निघालो. भावासाठी भांडणे हा तर आमचा रोजचा उद्योग. मी त्या व्यापाऱ्यासमोर पुष्कळ बोललो, हक्काचे बोललो, पोटाचे बोललो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "भाऊ, भावाचं मागून बोलू. हा किडा कोणता, आणि खाणाऱ्याला बाधतो की नाही, एवढं सांगा. मला गिऱ्हाइकाला उत्तर द्यावं लागतं."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या बाया माझ्या मागे उभ्या होत्या. आजवर मालकांसमोर, साहेबांसमोर मी कधी गप्प बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. मासळी निम्म्या भावाने गेली. त्या माणसाचा प्रश्न वावगा नव्हता आणि माझी तयारी नव्हती, ही गोष्ट मला फार लागली. त्या दिवसापासून मी या कृमीच्या मागे लागलो. गावातल्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे एक गुरुजी भेटले. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसू दिले, पुस्तके दिली, आणि माझ्या प्रश्नांना ते कंटाळले नाहीत. आज मी जे सांगणार आहे ते त्यांचे ऋण आहे. चुका असतील त्या माझ्या.

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात हे मी आपणांस सांगायला नको. कोहळी मंडळींनी पाळी बांधून पाणी अडवले, त्यावर धान पिकवले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तरी तलावांना चिकटलेले नाव गेले नाही. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले 'मामा तलाव'. १९९९ साली गोंदिया जिल्हा निराळा झाला तेव्हा काही मोठे तलाव तिकडे गेले, पण आपल्याकडेही कमी उरले नाहीत. या तलावांत पावसाळ्यात दूरवर पाणी पसरते आणि उन्हाळ्यात ते मधल्या खोलगट भागात गोळा होते. मासा, शेवाळ, चिखल, डोळ्यांना न दिसणारे जीव, सगळे त्या थोड्या पाण्यात दाटीने राहतात. या दाटीचा आपल्या विषयाशी संबंध आहे, तो पुढे येईल.

आता कृमीकडे वळू. गुरुजींनी मरळीचे आतडे पाण्याच्या बशीत उघडले तेव्हा आतल्या अस्तराला तोंडाने घट्ट चिकटलेले पाच-सहा धागे दिसले. मादी सुमारे एक सेंटिमीटर लांब आणि तांबूस. नर तिच्या निम्म्याएवढा. गुरुजी म्हणाले, हा कॅमॅलॅनस वंशातला गोलकृमी. जात नक्की ठरवणे तज्ज्ञाचे काम, पण वंश ओळखायला तोंड पाहिले की पुरे.

आणि ते तोंड खरोखर पाहण्यासारखे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कृमीचे सारे शरीर फिकट, पारदर्शक दिसते. फक्त डोक्याशी एक पिवळसर तपकिरी, पितळेला जुना रंग चढावा तशी, कठीण डबी दिसते. तिचे दोन भाग असतात, एक उजवीकडे, एक डावीकडे, शिंपल्याच्या दोन शकलांसारखे. त्यांच्या आतल्या बाजूला लांबट उभ्या कण्या असतात. या दोन शकलांच्या सांध्यांपाशी, एक पाठीच्या आणि एक पोटाच्या बाजूला, असे दोन लहान त्रिशूळ असतात. मी सहज म्हणून गेलो, "म्हणजे हा अडकित्ताच की." गुरुजी हसले. "जवळजवळ," ते म्हणाले, "पण हा सुपारी कातरत नाही. आतड्याच्या अस्तराची चिमूट आत ओढून धरतो आणि तिथून रक्त घेतो." मादीचा तांबूस रंग काही अंशी त्या रक्ताचाच. ती सगळी डबी मिलिमीटरच्या काही अंशाएवढी, पण माशाने कितीही हिसडे दिले, आतड्यातून अन्न कितीही पुढे सरकले, तरी तिची पकड सुटत नाही.

तोंडामागे अन्ननलिका असते. तिचे दोन भाग पडतात: पुढचा स्नायूंचा, जो पंपासारखा ओढतो, आणि मागचा ग्रंथींचा, जो पाचकरस देतो. त्यानंतर सरळ, तपकिरी रंगाचे आतडे शेपटीपर्यंत गेलेले. त्याला हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, श्वासाची इंद्रिये नाहीत. अंगावर चिवट आवरण, त्यावर बारीक आडव्या रेघा. आवरणाखाली स्नायू आहेत ते फक्त उभे. आडवे, गोल फिरणारे स्नायू नाहीत. गांडूळ आखडते आणि लांबते, तसे गोलकृमीला करता येत नाही. म्हणून तो पाण्यात सोडला की नागमोडी झटके देत वळवळतो. आतल्या पोकळीत द्रव दाबाखाली भरलेला असतो, त्यामुळे तो हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा ताठ राहतो.

नराची शेपटी आत वळलेली असते. तिच्यापाशी दोन बारीक सुयांसारखे अवयव असतात, एक लांब, एक आखूड. मीलनाच्या वेळी त्यांचा उपयोग. मादीच्या शरीरात पाहिले तर बहुतेक जागा गर्भाशयाने व्यापलेली. गुरुजींनी भिंग थोडे वरखाली केले आणि म्हणाले, "नीट पाहा." ते गर्भाशय आतून हलत होते. त्यात शेकडो पिले वळवळत होती. ही मादी अंडी घालत नाही. जिवंत पिले पाण्यात सोडते. ही गोष्ट आपण मनात ठेवावी, कारण व्याख्यानाचा पुढचा सगळा भाग तिच्यावर उभा आहे.

आमच्या शाळेतल्या पुस्तकांत परजीवी ज्याच्या अंगावर जगतो त्याला 'पोशिंदा' म्हणत. आम्ही शेतकऱ्याला जगाचा पोशिंदा म्हणतो, त्यामुळे हा शब्द मला फार आवडला. आपल्याला वाटेल की मी येथे या कृमीला मालकाची उपमा देईन. माझे काही सहकारी त्याचीच वाट पाहत समोर बसले आहेत. पण अभ्यास केल्यावर माझे मन ती उपमा घेत नाही. हा कृमी कोणाला फसवत नाही, साठा करत नाही, आणि थोड्या संख्येत असला तर पोशिंद्याला सहसा मारतही नाही. कृमी पुष्कळ झाले तर मात्र मासा अशक्त होतो, आतड्याला जखमा होतात, अंगातले रक्त कमी होते.

या कृमीला पोशिंदे दोन लागतात. मादीने सोडलेली पिले माशाच्या विष्ठेबरोबर पाण्यात येतात. एकेक पिलू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, टोकदार शेपटीचे. ते काही दिवस तळाशी वळवळत राहते. त्याला माशात थेट शिरून पुढे वाढता येत नाही. त्याला वाट पाहावी लागते ती सायक्लॉप्सची.

सायक्लॉप्स म्हणजे साठलेल्या गोड्या पाण्यात राहणारा, तिळाहून लहान, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला एक प्राणी. तलावाचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरले तर पांढुरके ठिपके झटके देत पळताना दिसतात. त्यांतले पुष्कळसे हेच. कपाळाच्या मधोमध एकच डोळा, म्हणून ग्रीक कथेतल्या एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला दिले आहे. सायक्लॉप्सला वळवळणारे पिलू खाद्य वाटते आणि तो ते गिळतो. पिलू पचत नाही. ते त्याच्या आतड्याची भिंत भेदून शरीराच्या पोकळीत जाते, तिथे दोनदा कात टाकते, आणि उष्ण पाण्यात आठवडा-दीड आठवड्यात पुढच्या प्रवासाला तयार होते. याच काळात त्याच्या तोंडाशी ती डबी आकार घेऊ लागते.

मग मासा सायक्लॉप्स खातो. सायक्लॉप्स पचतो, पिलू सुटते, आतड्याला तोंड लावते, आणखी दोनदा कात टाकते, आणि नर किंवा मादी होते. सायक्लॉप्स हा मध्यस्थ पोशिंदा, मासा हा अंतिम पोशिंदा. आता कोणी विचारील की मोठी मरळ कुठे सायक्लॉप्स खात बसते? ती तर बेडूक आणि लहान मासे खाते. प्रश्न बरोबर आहे. लहान मासे सायक्लॉप्स खातात, त्यांच्यात कृमी येतात, आणि मोठ्या माशाने लहान मासा गिळला की ते कृमी या पोटातून त्या पोटात बिऱ्हाड हलवतात. मागूर आणि शिंगी यांच्या पोटात याच घराण्यातला प्रोकॅमॅलॅनस नावाचा भाऊबंद सापडतो. त्याच्या तोंडाची डबी दोन शकलांची नसून सलग, एका पिंपासारखी असते.

उन्हाळ्यातल्या दाटीचा संबंध तो हा. पाणी आटले की मासे जवळ येतात, सायक्लॉप्स दाट होतात, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट सोपी होते. आमच्या बायांच्या टोपलीत तो किडा उन्हाळ्यात दिसला, यात नवल नव्हते.

शहरात ज्यांच्या घरी काचेच्या पेटीत गप्पी मासे आहेत त्यांनी कदाचित हे कुटुंब पाहिले असेल. गप्पीच्या गुदद्वारातून बाहेर लोंबणारे लाल धागे दिसतात. तो कॅमॅलॅनस कॉटी. हा मूळचा आशियातला. शोभेच्या माशांच्या व्यापाराबरोबर तो जगभर गेला, हवाई बेटांपर्यंत पोचला. २००२ साली लेव्हसेन आणि याकोबसेन या संशोधकांनी दाखवले की सायक्लॉप्स नसलेल्या पेटीतही हा कृमी एका माशातून दुसऱ्यात थेट पिढी चालवू शकतो. मध्यस्थ मिळाला नाही तर मध्यस्थावाचून! आम्ही युनियनवाले इतकी वर्षे जे करू पाहतो ते याने काचेच्या पेटीत करून दाखवले.

आता मी आपणांस मरळीच्या पोटातून थोडे दूर नेणार आहे. माझे मोठे मामा तरुणपणी परमुलखात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले होते. तेथे मजुरांना पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी होते. वर्षभराने त्यांच्या पोटरीवर फोड आला, तो फुटला, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू बाहेर डोकावू लागला. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने अंथरुणाला. मामांचा तुटला. त्या हंगामाची सगळी मजुरी गेली. तो व्रण मी लहानपणी बोट लावून पाहिला आहे. समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी नारू पाहिला असेल. तरुणांनी पाहिलेला नाही, आणि हे त्यांचे भाग्य आहे.

नारूची मादी साठ सेंटिमीटर ते एक मीटर लांब. तीही अंडी घालत नाही. माणूस पाण्यात पाय बुडवतो तेव्हा फोडातून ती हजारो जिवंत पिले पाण्यात सोडते. ती पिले सायक्लॉप्स गिळतो, आणि तो सायक्लॉप्स पाण्याबरोबर माणूस पितो. मरळीतला लाल धागा आणि मामांच्या पायातला पांढरा दोरा, दोघांचीही वाट सायक्लॉप्समधून जाते. प्राणिशास्त्रज्ञांनी या दोघांना फार काळ एकाच मोठ्या गटात ठेवले आहे.

आणि इतिहास असा आहे की माणसाने ही वाट आधी माशाच्या कृमीत पाहिली, मग नारूत शोधली. एकोणिसाव्या शतकाच्या साठीत जर्मनीत रूडॉल्फ लॉयकार्ट यांना आढळले की गोड्या पाण्यातल्या माशाच्या एका कृमीची पिले सायक्लॉप्समध्ये वाढतात. त्या कृमीला तेव्हा वेगळे नाव होते. आज त्याला कॅमॅलॅनस लॅकुस्ट्रिस म्हणतात. लॉयकार्ट यांनी अलेक्सेई फेदचेन्को या तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञाला सुचवले की नारूच्या पिलांचाही असाच शोध घ्यावा. फेदचेन्को तुर्कस्तानात, समरकंदकडे, काम करत होते. त्यांनी नारूची पिले सायक्लॉप्सच्या शरीरात शिरून वाढताना पाहिली आणि १८७० साली ते प्रसिद्ध केले. तीन वर्षांनी माँ ब्लाँ पर्वतावर हा माणूस मरण पावला. वयाची तिशीही पुरी झाली नव्हती. पुढे १९०७ साली लायपर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवले की जठरातल्या आम्लाच्या प्रमाणातले आम्ल सायक्लॉप्सला मारते, पण आतले पिलू त्याने जागे होऊन बाहेर पडते. त्यानंतरच्या दशकात मुंबईत तुरखुड यांनी सायक्लॉप्समधून माणसाला नारू होतो हे प्रयोगाने दाखवले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यांत जवळचे नाव मात्र मूर्ती यांचे. म्हैसूर संस्थानातल्या चित्रदुर्ग भागात १९३०च्या दशकात ते नारूवर काम करीत होते. तेथल्या पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून नारू आटोक्यात आणण्याचा प्रयत्न त्यांनी स्वीट या अमेरिकन सहकाऱ्याबरोबर केला. त्याच काळात मरळीच्या जातीच्या एका लहान माशात, ज्याला शास्त्रात गाचुआ म्हणतात, त्यांना कॅमॅलॅनसची नवी जात सापडली. तिला त्यांनी सहकाऱ्याचे नाव देऊन कॅमॅलॅनस स्वीटी म्हटले आणि १९३८ साली तिचे सगळे जीवनचक्र लिहून काढले. एवढ्या तपशिलाची गरज काय, असे वाटेल. सायक्लॉप्सच्या पोटात पिलू दिसले म्हणजे ते नारूचेच, असे धरून चालता येत नाही. ते माशाच्या कृमीचेही असू शकते. जो दोघांना वेगळे ओळखील त्यालाच विहीर घातक आहे की नाही हे सांगता येईल.

नारूवर औषध नाही आणि लसही नाही. तरी तो आपल्या देशातून गेला. १९८३-८४ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सात राज्यांत, त्यात आपला महाराष्ट्रही, सुमारे ४० हजार रुग्ण होते. पाणी फडक्यातून गाळून प्यायचे, नारू झालेल्याने पाण्यात उतरायचे नाही, पायऱ्यांच्या विहिरी बंद करायच्या किंवा त्यांना कठडा बांधायचा, हातपंप बसवायचे, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे औषध टाकायचे, आणि घरोघर फिरून रुग्ण शोधायचे. एवढ्याच गोष्टी. त्या गावोगावच्या साध्या माणसांनी वर्षानुवर्षे केल्या. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. सगळी साखळी तोडावी लागत नाही, एक कडी तोडली की पुरते. आणि कोणती कडी हे माशातल्या एका क्षुल्लक कृमीने दाखवून दिले होते. मामांचा व्रण आठवला की मला त्या क्षुल्लक कृमीबद्दल आदर वाटतो.

आता पुन्हा बाजारात येऊ. एवढे शिकल्यावर मी तलावावरच्या बायांची एक बैठक घेतली. मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की हा किडा आतड्यात राहतो, मांसात जात नाही, माणसाच्या पोटात वाढत नाही. आतडी काढून टाकली, मासा धुऊन शिजवला की भीती नाही. भाषण संपले. मागे बसलेली एक म्हातारी उठली. तिने पदरातून पानात गुंडाळलेला माशाचा तुकडा काढला आणि म्हणाली, "भाऊ, तुमी त आतड्यातला सांगतला. हा त मासात आहे जी. याचं का?"

मी पाहिले. बोटभर लांब, लालभडक, वेटोळे करून मांसात बसलेला कृमी. तो कॅमॅलॅनस नव्हता. मी दुसऱ्यांदा गप्प झालो; मात्र या वेळी म्हणालो, "आई, मला ठाऊक नाही. आठ दिवसांनी सांगतो." तो तुकडा घेऊन मी गुरुजींकडे गेलो.

गुरुजींनी सांगितले, हा युस्ट्राँजिलायडिसचा डिंभ दिसतो. याचे पोशिंदे निराळे: पाण्यातली गांडुळाच्या जातीची कृमी, मग मासा, आणि शेवटी पाणकावळा किंवा बगळा. मासा खाणाऱ्या पक्ष्याच्या जठराच्या भिंतीत हा वयात येतो. मासा याच्या दृष्टीने वाटेतली धर्मशाळा. माणूस याच्या हिशेबातच नाही. पण कच्चा मासा खाल्ला तर हा वाट चुकून माणसाचे आतडे भेदू शकतो. अमेरिकेत मेरीलँड राज्यात १९८२ साली आमिषाचे जिवंत लहान मासे गिळणाऱ्या काही जणांवर हा प्रसंग आला होता. थायलंडसारख्या देशांत मरळीच्या जातीचे मासे कच्चे किंवा अर्धवट आंबवून खाणाऱ्यांच्या कातडीखाली नॅथोस्टोमा नावाच्या आणखी एका गोलकृमीचा डिंभ फिरतो. म्हणजे "माशातला किडा बाधत नाही" हे माझे सरसकट वाक्य चुकीचे होते. कोणता किडा, कुठे बसलेला, आणि मासा कसा खाल्ला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आठ दिवसांनी मी म्हातारीला ते सगळे सांगितले, आणि सगळ्यांसमोर सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे पुरता शिजवायचा, एवढंच ना?" होय, एवढेच. मांस काट्यापासून सुटेपर्यंत शिजवले की यातला कोणताही कृमी जिवंत राहत नाही. आपल्या रश्शाला त्याहून कितीतरी जास्त आच लागते. शेकोटीवर वरवर भाजलेला मासा मात्र आतून कच्चा असू शकतो, हे तलावावर रात्र काढणाऱ्या पोरांनी ध्यानात ठेवावे. मांसात वेटोळे दिसले तर तेवढा भाग कापून टाकावा. वजा वीस अंशांवर सात दिवस गोठवल्यानेही हे कृमी मरतात. पण घरातल्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड असतोच असे नाही, तेव्हा भरवसा चुलीवर ठेवावा.

एक गोष्ट राहिली, आतड्यांचे काय करायचे. आपण मासा तलावाच्या काठावर साफ करतो आणि आतडी पाण्यात किंवा कुत्र्यापुढे टाकतो. पाण्यात टाकली तर मादीच्या पोटातली पिले परत सायक्लॉप्सच्या दारात जातात. कुत्र्यांच्या बाबतीत आफ्रिकेतला चाड देश पाहण्यासारखा आहे. तेथे बरीच वर्षे नारू दिसला नव्हता. २०१० साली तो पुन्हा आढळला, आणि पुढे कुत्र्यांना होऊ लागला. संशोधकांचे मत असे पडले की कच्चे मासे, त्यांची आतडी आणि बेडूक खाऊन कुत्र्यांत नारू जात असावा. म्हणून तेथील कोळ्यांना आतडी पुरून टाकायला सांगितले जाते. १९८६ साली जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ साली माणसांत अवघे १४ नोंदले गेले, पण प्राण्यांत, मुख्यतः कुत्र्यांत, शेकडो. आपल्याकडे नारू नाही. तरी चार पावलांवर खड्डा करून आतडी पुरायला खर्च काही येत नाही, आणि आपला तलाव आपल्याच पिलांना परत पोसत बसत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच बाया त्याच व्यापाऱ्याकडे गेल्या. या वेळी मी भाषण केले नाही. त्यांच्यातल्या एकीने त्याच्यासमोर मरळ चिरली, आतडे वेगळे करून दाखवले, मांस उजेडाला धरून दाखवले, आणि सांगितले की किडा हा इथे असतो, इथे नाही. आणि इथे दिसला तर तो मासा आम्हीच टोपलीतून काढून टाकतो. व्यापाऱ्याने दोन-तीन प्रश्न विचारले. तिने उत्तरे दिली. एकाचे उत्तर तिला येत नव्हते, ती म्हणाली, "विचारून सांगते." भाव पुरा मिळाला असे मी म्हणणार नाही, व्यापारी तो व्यापारीच, पण निम्म्यावर आला नाही. आतडी पुरण्याची सवय त्या तलावावर अजून अर्धीच लागली आहे. कामगार चळवळीत एवढी वर्षे काढल्यावर अर्ध्यालाही मी कमी म्हणत नाही.

माझे भाषण येथे संपवतो. येथून घरी जाल तेव्हा एखाद्या दिवशी मरळ आणा, आणि साफ करताना आतडे टाकण्यापूर्वी पाण्याच्या बशीत क्षणभर उघडून पाहा. लाल धागा दिसला तर घाबरू नका. मुलांना बोलावून दाखवा. मग आतडे पुरा, हात धुवा, आणि रस्सा नीट उकळू द्या.